पाद्री ज्याच्याकडे बघतो

१

नकली हरीण घेऊन बाणाच्या शिकारीला जावं का, असं मला पेंडीच्या दुकानात सारखं कुणीतरी विचारतं. विचारणारे चांगले चाळिशीचे बाप्ये असतात. अंगावर पानांच्या छापाचे कोरे कपडे, काखेत नुकतंच आणलेलं प्लास्टिकचं हरीण. मी म्हणतो, आधी हे घेऊन टेकडी चढून दाखव, मग बोलू.

खरं तर ती एक ब्याद आहे. वजन फार नसतं, पण मान वेगळी, पाय वेगळे, शिंगं वेगळी. काट्याकुट्यांत सगळं अडकतं. उजाडताना ते जोडायला बसलं की असा खडखडाट होतो की अख्ख्या घळीला कळतं, म्हातारा आला. उघड्या हाताने धरलं तर माणसाचा वास लागतो, म्हणून रबरी हातमोजे. वाटेत त्याला नारिंगी फडकं गुंडाळायचं, नाहीतर एखादा गाढव तुमच्याच काखेत बाण घालेल. बंदुकीच्या हंगामात तर घराबाहेरच काढायचं नाही. आणि एवढं सगळं करून उपयोग कधी? नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नर माजावर असतात तेवढेच दिवस.

पण त्या दिवसांत उपयोग होतो. मी आणि माझा धाकटा भाऊ आर्डन, आम्ही दोघांनी आयुष्य त्यात घालवलं, म्हणून सांगतो.

आमच्या वेळी विकत मिळत नसे. नेमबाजीच्या सरावाचं एक फोमचं हरीण होतं, बाण खाऊन खाऊन चाळण झालेलं. आर्डनने त्याला ठिगळं लावली, रंग दिला, खरी शिंगं बसवली. त्याच्या बायकोने, लव्हॉनने, उशीचा पांढरा अभ्रा फाडून शेपटी शिवून दिली. उभं केलं तेव्हा ते मान ताठ करून असं रोखून बघायला लागलं की आर्डन म्हणाला, "अरे, हा तर आपला पाद्री! उशिरा चर्चमध्ये शिरलं की अस्साच बघायचा." तेव्हापासून त्याचं नाव पाद्री.

पाद्रीचे नियम आर्डननेच शोधून काढले. एक शिंग काढून टाकायचं, म्हणजे तो कमजोर दिसतो. दुबळ्यावर चालून जायला सगळ्यांनाच आवडतं. शेपटी सैल बांधायची, म्हणजे वाऱ्याने जरा हलते. काहीच हललं नाही तर हरणाला संशय येतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तोंड. नकली नराचं तोंड नेहमी शिकाऱ्याच्या मचाणाकडे करायचं. का? तर खरा नर आला की तो नकलीला मागून भिडत नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालतो, वास घेत घेत समोर येतो, नजरेला नजर द्यायला. म्हणजे तो बरोबर तुमच्या आणि पाद्रीच्या मधे येऊन उभा राहतो, तिरका, तुमच्याकडे कूस करून. मग बाण सोडायचा.

म्हणजे पाद्री जिकडे बघतो, तिकडे शिकारी असतो. हरणांना एवढं कळलं असतं तर आम्ही उपाशी मेलो असतो.

२

आर्डन एप्रिलमध्ये गेला. हृदयाने. मी त्याच्या पेटीला खांदा दिला आणि माती पडताना बघितली. त्यात कुणी शंका काढायची नाही.

घळीच्या या काठावर माझं मचाण, पलीकडच्या काठावर ओकच्या झाडावर त्याचं. मधे खाली सीडरच्या झाडांची काळी दाटी आणि एक झरा. सकाळी दोघं आपापल्या जागी बसलो की तो पलीकडून दोन बोटं वर करायचा. मी आहे, एवढाच अर्थ. मीही करायचो. मग दुपारपर्यंत एक शब्द नाही. आमचं सगळ्यात जास्त बोलणं तेच होतं, असं आता वाटतं.

एकच भांडण होतं. त्याच्या तोंडात कायम त्या गुलाबी पेपरमिंटच्या गोळ्या, चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर बशीत ठेवतात त्या.

"अरे गाढवा, अख्ख्या खोऱ्याला वास येतोय तुझा," मी म्हणायचो.

"हरणांना आवडतो," तो म्हणायचा. "तुझा नाही आवडत."

वारा पलीकडून असला की मला मचाणावर बसल्या बसल्या तो वास यायचा. शिव्या घालायचो मी त्याला. मनातून मात्र बरं वाटायचं.

या वर्षी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण नोव्हेंबर लागला, गवतावर दहिवर कडकडीत गोठलं, आणि पाय ऐकेनात. पाद्रीला फडक्यात गुंडाळलं आणि गेलो. काठावरच्या तिपतीच्या गवतात उभा केला, तोंड माझ्याकडे. वर चढून बसलो. पलीकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं.

उजाडल्यावर एक नर आला. जाड मानेचा, कान मागे पाडलेला, पाय ताठ टाकत. वळसा घातला, पाद्रीसमोर येऊ लागला. सगळं कसं आर्डनच्या नियमाप्रमाणे. मी धनुष्य उचललं. तेवढ्यात तो थांबला. पाद्रीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो घळीपलीकडे बघत होता. पुढचा पाय त्याने जमिनीवर आपटला, एकदा, पुन्हा. मग नाकातून फुर्रकन आवाज काढून, शेपटी उभारून पळाला.

मी बघितलं, हरीण कशाला बुजलं ते.

ओकवरच्या मचाणावर आर्डन बसला होता. त्याचा तो तपकिरी लोकरी कोट, कानावरची टोपी. वारा आला, त्याने हात वर केला. मी सवयीने दोन बोटं वर केली, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याने दोन बोटं केलीच नाहीत. नुसता हात वर गेला होता, पंजा लोंबता. वारा पडला तसा खाली आला.

३

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हे आधी सांगतो. सावलीत कधी कधी कडा दोन दिसतात. शिवाय रात्री झोप नव्हती. शिवाय कुणीतरी उपरा माणूस मोकळं मचाण बघून चढून बसला असेल. दरवर्षी शहरातून असे येतात. मी हे सगळं स्वतःला सांगितलं आणि उन्हं वर आल्यावर घळ उतरून ओकखाली गेलो, त्या उपऱ्याची आई-बहीण काढायची तयारी करत.

वर कुणी नव्हतं. शिडीच्या पायऱ्यांवर गंज आणि शेवाळ. शेवाळ कुठे खरडलेलं नाही. चार पायऱ्या चढून बघितलं तर बसायच्या फळीवर खारीने ओकची फळं साठवलेली, नीट रचून. त्यावर कोळ्याचं जाळं. जाळ्यावर दहिवर.

मग लव्हॉनकडे गेलो.

तिचं घर घळीच्या खालच्या तोंडाशी. स्वयंपाकघराच्या दाराला न ठोकता मी आत जातो, पन्नास वर्षं जातोय. तिने शेगडीवर लेफ्सा टाकली होती, बटाट्याची पातळ पोळी, आमच्याकडे थंडी पडली की करतात. लोणी आणि साखर लावून गुंडाळून पुढे केली.

"पाय पूस," ती म्हणाली. "मारलंस काही?"

"नाही. उधळलं."

"म्हातारा झालास."

"तू काय सोळाची आहेस?"

ती हसली नाही. एरवी हसते. दाराच्या मागे खिळ्याला आर्डनचा कोट होता. मी उठून हात लावून बघितला. कोरडा, घरातल्या उबेचा. खिशात दोन्ही हातमोजे, तिनेच विणलेले राखाडी, मनगटाला लाल काठ. आणि तळाशी एक गुलाबी गोळी, लोकर चिकटलेली.

मागे वळलो तर टेबलावर दोन कप होते. आणि तिच्या हातात तिसरा, माझ्यासाठी.

"कोण येणारे?" मी विचारलं.

"बस, सेल्मर."

"लव्हॉन, कोण येणारे?"

ती भांडी घासायच्या खिडकीशी गेली. त्या खिडकीतून वर चढ दिसतो, सीडरची दाटी दिसते, आणि दाटीच्या वर काठावर ओक.

"तूही बघितलंस ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच. तू कोटाला हात लावलास."

४

तिला हंगाम लागल्यापासून दिसत होता. रोज सकाळी, धुकं निवळलं की. तिला भीती वाटत नव्हती. हेच मला आवडलं नाही.

"हात हलवतो मला," ती म्हणाली.

"वाऱ्याने हलतो तो."

"वाऱ्याने माणसाचा हात हलतो का कधी? काहीतरी बोलतोस."

"तेच म्हणतोय मी!"

"ओरडू नकोस. त्याचा एक हात उघडा आहे, सेल्मर. हातमोजा नाही. एवढ्या थंडीत. मी रोज बघते. चांगला चष्मा लावून बघितलं मी. डावा हात."

"आर्डन उजवा काढायचा," मी म्हणालो. "दोरी उजव्या हाताने ओढतात. डाव्याचा कशाला काढेल? ती काय पद्धत झाली?"

"तू आता त्याच्या चुका काढ. मेल्यावर पण सोडू नकोस त्याला."

तिच्याशी कसं बोलायचं हे मला कधीच कळलं नाही, आर्डनला कळायचं. ती कोटाजवळ गेली, खिशातून डावा हातमोजा काढला आणि टेबलावर हाताने सपाट केला. पोराचं कपाळ पुसावं तसा.

"मी नेऊन देणार आहे," ती म्हणाली.

"तिथे कुणी नाही. मी शिडी बघून आलोय. कोळ्याचं जाळं आहे."

"मग नसेल तर परत येईन. त्यात तुझं काय जातं?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी मी बघून येतो नीट. तोवर घराबाहेर पडू नकोस. एवढं ऐक माझं."

"तू कधी कुणाचं ऐकलंस?" ती म्हणाली. पण मान हलवली. मला ते हो वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी धनुष्य नेलं नाही. पाद्रीही नेला नाही. त्याचं नारिंगी फडकं तेवढं खिशात होतं, कालपासून राहिलेलं.

आर्डन बसला होता. मी माझ्या काठावरून दुर्बिणीने बघितला. चेहरा टोपीच्या सावलीत. हनुवटी त्याचीच. बसायची ढब त्याचीच, जरा डावीकडे कललेली, ट्रॅक्टरवरून पडला होता तेव्हापासूनची. दुर्बीण मी दोनदा पुसली, खोटं कशाला बोलू. एवढे महिने मला कुणी साधं गाढव म्हटलं नव्हतं.

हाक मारावीशी वाटली. पण मी ठरवलं, आधी वास घ्यायचा. वारा वायव्येकडून होता, त्याच्याकडून खाली घळीत उतरणारा. म्हणून मी लांबून वळसा घातला, वाऱ्याच्या खालच्या अंगाने, झाडांच्या आडोशाने. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, नाक वर करायचं, पुन्हा एक पाऊल. त्याच्यावरून नजर काढली नाही.

काहीच वास नव्हता. ओकची सडकी पानं, ओली माती, एवढंच. पेपरमिंट नाही. लोकर नाही. तंबाखू, घाम, माणूस, काही नाही. जिथून वारा येत होता तिथे माणूस बसलेला दिसत होता आणि नाकाला तिथे कुणीच नव्हतं.

वारा आला की हात वर. वारा गेला की हात खाली. कोपरातून नव्हे, मनगटातून. सैल बांधलेलं काहीतरी हलावं तसा.

आणि तेव्हा मला माझंच भान आलं. मान पुढे काढलेली, पाय ताठ, कान टवकारलेले. हा वळसा मी ओळखत होतो. आयुष्यभर मी तो वरून बघत आलो होतो.

मी जागच्या जागी थिजलो. डोकं न हलवता आर्डनचं तोंड कुठे आहे ते बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मचाणाकडेही नाही, लव्हॉनच्या खिडकीकडेही नाही. तो खाली बघत होता, मान ताठ करून, सीडरच्या दाटीकडे. आणि माझी पुढची पावलं त्या दाटीला घासूनच जाणार होती.

चारी बाजूंना सगळं दहिवराने पांढरं होतं. दाटीच्या कडेची एकच जागा काळी, ओली. तिथल्या फांद्यांमधून वाफ निघत होती. थोडी, मग थांबून थोडी, कुणी श्वास दाबून धरावा आणि अगदी हळू सोडावा तशी. आम्ही मचाणावर तस्साच सोडायचो, नर जवळ आला की.

माणूस बसला तर त्याचं तोंड जिथे येईल त्याच्यापेक्षा ती वाफ बरीच वर होती.

६

पळायचं सुचलं नाही. हललं की संपलं, एवढं एकच डोक्यात होतं. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. माझी मांडी थरथरत होती. हरणाची थरथरते, तो मला कायम माज वाटायचा.

मग खालून आवाज आला. "आर्डन!"

लव्हॉन चढ चढत होती. घरातला झगा, वर आर्डनचा तो तपकिरी कोट, पायात रबरी बूट. हातात राखाडी हातमोजा, पुढे धरलेला. तिच्या घरापासून ओकपर्यंत एकच पायवाट आहे आणि ती दाटीच्या कडेने जाते. ती वर बघत चालली होती, तोंडभर हसत. लग्नात तिचा चेहरा असा होता. मी तेव्हाही बाजूलाच उभा होतो.

"आर्डन, अरे हात झाकून घे! किती गारठलाय!"

वर हात हलला. आणि दाटीतली वाफ थांबली.

वाफ का थांबते हे मला माहीत आहे. दोरी ओढून धरली की माणूस श्वास घेत नाही.

मग मी काय केलं ते ऐका. मी खिशातलं नारिंगी फडकं काढलं, डोक्यावर गरगर फिरवलं आणि बोंब मारली. शिव्या दिल्या, चर्चची गाणी म्हटली, काठीने झाडं बडवली. नाकातून फुर्र फुर्र केलं, बुजलेली मादी करते तसं. शिकारीत ज्या ज्या गोष्टी आम्ही जन्मभर टाळल्या, त्या सगळ्या एकदम केल्या. आणि उतारावरून पळत, धडपडत, लव्हॉन आणि दाटी यांच्या मधून गेलो. मधून जाताना माझ्या उजव्या अंगाला ऊब लागली, गोठ्याच्या दारावरून जाताना लागते तशी. तिकडे मी बघितलं नाही. कुणी कितीही विचारलं तरी, मी बघितलं नाही.

लव्हॉनला धरून मी खाली ओढत नेलं. ती मला मारत होती.

"सोड मला! बघ, गेला तो! तुझ्यामुळे गेला!"

वर ओक रिकामा होता. फळीवर खार बसली होती आणि आमच्यावर चिडून ओरडत होती.

"एवढा जवळ होता," लव्हॉन रडत म्हणाली. "तुला बघवलं नाही. तुला कधीच बघवलं नाही."

"तो नव्हता तो, लव्हॉन."

"मला कळत नाही का? पन्नास वर्षं त्याच्याशी संसार केलाय मी. मला काय कळत नाही?"

हे ती कुठल्या अर्थाने बोलली, ते मला तेव्हा समजलं नाही.

७

त्याच दिवशी तिच्या मुलीला फोन केला. ती ला क्रॉस शहरातून आली आणि आईला घेऊन गेली. आई आजारी आहे एवढंच सांगितलं. बाकी काय सांगणार? गाडीत बसायच्या आधी लव्हॉन माझ्या दारात आली. आत आली नाही. हातमोजा माझ्या हातात कोंबला.

"तू दे मग," ती म्हणाली. "तुला जमलं तर."

"मी कुठेही जाणार नाही."

"बघू," ती म्हणाली. आणि मग जरा मऊ आवाजात, "जेवत जा. माझ्या कपाटात लेफ्सा ठेवलीय."

ती तिकडे सुरक्षित आहे. तिच्या खिडकीतून रस्ता दिसतो आणि पेट्रोल पंप. मुलगी म्हणते, आई दिवसभर खिडकीशी बसते आणि चिडते, इथून काहीच दिसत नाही म्हणून. बसू दे.

मी मचाणावर पुन्हा गेलो नाही. पाद्रीला गोठ्यात उलटा टाकला, तोंड भिंतीकडे. काही दिवस शांत गेले. मला वाटलं, उधळली एकदाची.

पण मी विसरलो होतो. शिकार उधळली म्हणून कुणी शिकार सोडत नाही. आम्ही काय करायचो? घरी येऊन कॉफी पीत बसायचो आणि चूक कुठे झाली ते शोधायचो. वास चुकला का, जागा चुकली का, लांब पडलं का. आर्डन म्हणायचा, "जाऊ दे, हरीण तेच आहे. आपणच जरा नीट लावू." आणि पुढच्या खेपेला पाद्री जरा जवळ, जरा वाऱ्याच्या सोयीने, नीट पुसून, त्याच्यावर नराचा वास शिंपडून उभा करायचो.

८

आज सकाळी शेगडी पेटवत होतो तेव्हा वास आला. पेपरमिंटचा. दाराच्या फटीतून, वाऱ्याबरोबर. गुलाबी गोळ्यांचा, त्यात ओल्या लोकरीचा, त्यात किंचित ट्रॅक्टरच्या तेलाचा.

मी पडदा बाजूला केला.

आर्डन लाकडांच्या शेडपाशी उभा आहे. हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ. डावा हात उघडा, थंडीने लाल झालेला. हे मागच्या वेळी नव्हतं, मागच्या वेळी हात नुसता फिका होता. हात आता कोपरातून हलतो. मी पडदा सारला तेव्हा त्याने दोन बोटं वर केली.

दोन बोटं.

फक्त चेहरा माझ्याकडे नाही. खिडकीतून मला बघत असावा असं आधी वाटलं, पण नजर माझ्या डोक्यावरून जाते. घराच्या वरच्या मजल्याकडे. वर एकच खोली आहे. लहानपणी आम्ही दोघं तिथे झोपायचो. दोन खाटा अजून तशाच आहेत, मधे छोटी खिडकी, तिच्यातून अंगण आणि शेड समोर दिसतं. त्या खिडकीतून मी आणि तो गोफणीने कोंबड्यांना खडे मारायचो आणि आईचा मार खायचो. घळीत धडपडलो तेव्हापासून जिना मी चढत नाही, गुडघा दुखावलाय.

तिथली लाकडी जमीन जुनी आहे. एक फळी खिडकीशी वाजते, पहिल्यापासून. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं की वाजते. मघाशी वाजली.

मी टेबलाशी बसून हे लिहितोय. कॉफी झालीय. दोन कप काढले गेले आहेत, मीच काढले असणार.

आणि लव्हॉन 'मला काय कळत नाही?' म्हणाली, त्याचा अर्थ मला आता समजतोय. मी जन्मभर समजत आलो की हरणं फसतात. मान ताठ करून, वळसा घालून, थांबत थांबत येणारे ते म्हातारे नर, ते शेवटी पाद्रीच्या अगदी समोर येऊन उभे राहायचे आणि त्याच्या त्या रंगवलेल्या डोळ्यांत बघायचे. इतक्या जवळून. हाताच्या अंतरावरून. तिथून ठिगळंसुद्धा दिसतात. मी आणि आर्डन हसायचो, किती मूर्ख आहेत म्हणून. ते मूर्ख नव्हते. त्यांना दिसत होतं, तरी ते यायचे.

तर पेंडीच्या दुकानातल्या पोरांनो, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. वाहून न्यायला त्रास आहे, जोडायला त्रास आहे, वाऱ्याची, वासाची कटकट आहे. पण नीट लावलं, जवळ लावलं, आणि येणारा पुरेसा एकटा असला, तर नकली हरीण उपयोगाचं आहे. हमखास.

फळी पुन्हा वाजली. मग थांबली. वर आता अगदी शांत आहे, श्वास धरून ठेवल्यासारखं.

बाहेर कडक थंडी आहे. हातमोजा इथे टेबलावर आहे, डाव्या हाताचा. मी बूट घालतोय.